उभं पाणी

पट्टीवरचा आकडा वाचण्याआधी मावशी ओढ्यात एक काडी टाकायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब सायब, पानी कुठं चाललंय ते आधी बघू दे." मला सायब म्हणायची आणि तू म्हणून बोलायची.

पालघरजवळ खाडीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या पुलाला आमच्या खात्याने पातळी मोजायची पट्टी लावली होती. शेजारच्या पाड्यावरची मावशी ती सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहायची. मी जालन्याकडचा, नवा इंजिनिअर. तिच्या आकड्यांवरून किती पाणी वाहतंय ते काढणं माझं काम. त्यासाठी तक्ता होता: इतकी उंची, तर इतका प्रवाह.

पण वहीत आकड्यापुढे शब्द असायचे. 'पानी धावतं.' 'पानी उभं.' कधी 'पानी मागं येतं.' उंची मात्र तीच, एक मीटर वीस. मी पार गोंधळून जायचो. आमच्याकडचे ओढे एकाच दिशेने वाहतात आणि आटतात. तुम्हीही पुलावरून ओढा बघितला असेल. पाणी चढलं म्हणजे जोरात वाहतंय, असंच वाटलं असेल ना? तक्त्यात शब्दांना जागा नव्हती. मी ते सोडून द्यायचो.

एका श्रावणात दुपारी पावसाने झोडपलं. मी बोईसरहून फोन केला.

"एक मीटर ऐंशी," मावशी म्हणाली. "पन पानी उभं हाय."

"वरचा पाऊस थांबलाय. एवढ्या उंचीला पाणी भराभर निघून जातं. तासाभरात उतरेल."

"काडी गेलीच नाय, सायब."

"तक्त्यात तसं आहे, मावशी."

तिने फोन ठेवला. नंतर सरपंचांनी विचारलं, ओढ्याकाठची सात घरं रिकामी करायची का? मी म्हणालो, गरज नाही.

मावशीने माझं ऐकलं नाही. घरोघर फिरून तिने म्हातारी माणसं, पोरं, कोंबड्या, सगळं शाळेत नेलं. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा त्या घरांत कमरेएवढं पाणी होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खाडी भरत होती. वरनं पानी येतंय, खाली वाट नाय. जाईल कुठं?"

पाणी उंचीने नाही, उताराने वाहतं. भरतीने खालचं पाणी वर आलं की उतारच उरत नाही. पट्टी मात्र चढत राहते. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. मग त्या दुपारी का सुचलं नाही? अजूनही नीट सांगता येत नाही.

"माझं चुकलं, मावशी."

"तू कोरड्या गावचा," ती म्हणाली आणि कोऱ्या चहाचा पेला माझ्यापुढे केला. ती रागावली का नाही, तेही मला कळलं नाही.

पुढे पुलावर यंत्र बसलं. ते दर पंधरा मिनिटांनी उंची कळवतं. मावशी समुद्राकाठच्या चिंचणीला लेकीकडे गेली. भेटायला गेलो तर तिने विचारलं, "यंत्राला भरती कलते का?" मी नाही म्हटल्यावर खूप वेळ हसली. त्या हिवाळ्यात ती वारली. मला महिन्याने कळलं.

परवा मोबाइलवर आकडा आला, एक मीटर साठ. वाहतंय, उभं आहे की मागे येतंय? काही कळेना. सवयीने मावशीचा नंबर लावला. लेकीने उचलला. मी विचारलं, "तिकडे भरती आहे का?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग दाराचा. थोड्या वेळाने ती परत आली.

"हाय," ती म्हणाली.