रेघ नसलेली कांडी

कारखान्यात त्याला सगळे निवांत म्हणत. हे नाव त्याला इतकं चिकटलं होतं की खऱ्या नावानं कुणी हाक मारली, तर तो आधी मागं वळून बघायचा. भट्टीवर काम करणाऱ्यांची टाळकी तापायला वेळ लागत नाही, पण हा पठ्ठ्या त्यातला नव्हता. कुणी अंगावर धावून आलं तरी चष्मा काढून शांतपणे पुसत उभा राहायचा. समोरचा ओरडून ओरडून दमायचा आणि शेवटी यालाच पाणी मागायचा.

काम होतं स्फटिक ओढण्याचं. मुशीत दोन धातू वितळवायचे, त्यात तिसऱ्याची चिमूट टाकायची. मग बोटाएवढं स्फटिकाचं बी वरून रसाला टेकवायचं आणि फिरवत फिरवत वर ओढायचं, इतकं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं, यंत्र बंदच आहे. बियाखाली रस गोठत जातो. सकाळी टेकवलेलं बी दिवस कलता कलता मनगटाएवढी जाड कांडी घेऊन वर येतं. त्या कांडीच्या चकत्या अंधारात माणसाच्या अंगाची ऊब टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये बसवत असत.

अडचण एकच, रस स्वस्थ बसत नाही. मुशीच्या कडेला तापला की वर चढतो, मध्यावर निवला की खाली उतरतो, त्याचं हे चाललेलंच असतं. त्या ढवळाढवळीत तिसऱ्या धातूची चिमूट कुठं जास्त पडते, कुठं कमी, आणि कांडीत रेघा उमटतात. वरून काही कळत नाही. कांडी चिरून आम्लात बुडवली की मग तिचं सगळं पितळ उघडं पडतं. म्हणून भट्टीभोवती तांब्याच्या तारांची दोन भलीमोठी वेटोळी बसवलेली होती. त्यांत वीज सोडली की त्यांचं चुंबक होई आणि रस गप्प बसे.

“पण चुंबक लावलेलं त्या रसाला कळतं कसं?” ताईनं एकदा विचारलं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. निवांतची बायको लेक लहान असतानाच गेली, तेव्हापासून ताईनं शिवणयंत्रासकट त्याच्याच घरी मुक्काम ठोकला होता. लेकीला वाढवलं तिनं, आणि खरं सांगायचं तर भावालाही.

“अगं, रस हलायला लागला की त्याच्याच अंगात वीज उठते,” तो म्हणाला, “आणि तीच त्याला आडवी येते. जितकं जोरात हलायला जाईल तितकं जड होतं त्याला. मधात चमचा फिरवल्यासारखं.”

“म्हणजे आतली उष्णता कुठं जात नाही. नुसतं हलता येत नाही.”

“हं.”

“तुझीच भट्टी शोभते हो!” ताई म्हणाली आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडून पोट धरून हसली. लेकही हसली. तोही हसला असावा, पण त्याचं हसणं दिसायला जवळ जावं लागे.

त्याच ताईच्या छातीनं दगा दिला. इस्पितळात निवांत रोज जायचा, पण खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सलाईनच्या बाटलीवरची अक्षरं वाचत बसायचा. ताई म्हणायची, “अरे, इकडं बघ की जरा.” तो बघायचा आणि लगेच खिडकी बंद करायला वळायचा. खिडकी बहुधा बंदच असायची.

त्या दिवशी सकाळी त्यानं बी टेकवलं. चुंबकाचा वीजपुरवठा कुरकुर करत होता, करंट सारखा खाली घसरत होता आणि चावीवर हात ठेवून तो सावरावा लागत होता. आधीच्या दोन कांड्या दुसऱ्यांच्या हातून अशाच वाया गेल्या होत्या. कांडी अर्ध्यावर आली असताना भिंतीवरचा फोन वाजला. लेक होती.

“बाबा, आत्याला फार धाप लागलीय. डॉक्टर म्हणताहेत, भेटून घ्या.”

“कांडी अर्ध्यावर आहे गं.”

“ती तुम्हाला विचारतेय, बाबा.”

“दुपारच्या पाळीचा जोडीदार आला की निघतोच मी.”

साहेब शेजारीच उभे होते. “काय रे, काय झालं?”

“बहीण आजारी आहे.”

“मग इथं काय करतोस? जा! मी उभा राहतो. बिघडली तर बिघडली एक कांडी.”

“नको. करंट घसरतोय. तुम्हाला जमायचं नाही.”

साहेबांना चांगलं जमलं असतं, ते याच भट्टीवर घडलेले होते. निवांतलाही ते ठाऊक होतं. कांडीचं निमित्त होतं. तो घाबरला होता. इथं काय करायचं ते हातांना कळत होतं. तिथं ताईच्या चेहऱ्याकडं बघावं लागलं असतं आणि आपण उभे राहू शकणार नाही, ही त्याची खरी भीती होती. म्हणून तो चावी धरून बसला. हात जागचा हलत नव्हता.

तो पोचला तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती. लेक बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर आत्याची पिशवी घेऊन. तो शेजारी बसला.

“मी पुन्हा फोन करणार होते,” लेक म्हणाली. “आत्यानं हात धरला. म्हणाली, नको करूस, त्याचा हात हलेल.”

निवांतनं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

“एकदा तरी हलू द्यायचा होता, बाबा,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन पुढं निघून गेली. त्यानंतर घरात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं होतं, ते दोघांपैकी कुणी काढलं नाही.

तो कामावर परतला तेव्हा ती कांडी उभी चिरून, आम्लातून काढून तपासणीच्या टेबलावर ठेवलेली होती. कारखान्यात तिचा बोलबाला झाला होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण बहिणीचं आठवून शाबासकी गिळली. निवांत सरळ तपासणीवाल्या बाईंकडं गेला आणि कांडी मागून घेतली.

कांडी एकाच वेगानं वाढते. बियापासून मोजत आलं तर कुठला भाग कुठल्या वेळचा ते सांगता येतं. दिव्याखाली त्यानं बोट सरकवत नेलं. इथं फोन वाजला. इथं साहेब ‘जा’ म्हणाले. आणि जरा पुढं, ताई गेल्याची जी वेळ लेकीनं सांगितली होती तिच्यापाशी, त्याचं बोट थांबलं. त्यानं भिंगातून पाहिलं, कांडी फिरवून पुन्हा पाहिलं. सगळीकडं सारखाच राखी, गुळगुळीत धातू. त्या घडीला काही झालं होतं, याची कुठं खूणही नव्हती.

“अहो, एवढं काय शोधताय?” बाईंनी विचारलं.

“रेघ.”

“एकही नाही, मी दोनदा बघितलंय. रेघ असती तर भंगारात नसती का गेली?”

“जायला हवी होती हो,” निवांत म्हणाला आणि कांडी छातीशी धरून तिथंच, त्यांच्यासमोर, मोठ्यानं रडायला लागला.