सूर्यापासून ग्रह तोडणारे शस्त्र

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सोलापुरातल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि घरी धाकट्या बहिणीसाठी एक शस्त्र तयार करत होतो.

शस्त्र गोष्टीतले होते. बहिणीच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. कॉलेज सुटल्यापासून ती वडिलांच्या हातमागाशेजारी खाटेवर पडून असे. वेळ जावा म्हणून आम्ही ताऱ्यांमधल्या एका युद्धाची गोष्ट रचायला घेतली. राण्या, बंडखोर आणि त्यांची भांडणे हा तिचा विभाग, यंत्रे माझ्याकडे. घरात आम्ही तेलुगू बोलत असू. गोष्ट मात्र मराठीत, आणि तिच्यावरून होणारे वादही मराठीत, कारण दर शनिवारी तिचा एक भाग मी शाळेच्या भित्तिपत्रकावर लावत असे.

सम्राटाला सगळ्यांत भयंकर शस्त्र हवे होते. मला स्फोट नको होता. मी तिला समजावून सांगितले: गोफण फिरत असताना दोरी तुटली, तर दगड गोल फिरत राहत नाही, तुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेने जात असतो, त्याच दिशेने सरळ निघून जातो. सूर्याचे आकर्षण ही ग्रहाची दोरी. माझे शस्त्र फक्त ती दोरी कापते. घरे, विहिरी, माणसे सारे शाबूत राहते.

"मग लोक मरत नाहीत?"

"लगेच नाही. सूर्य रोज थोडा लहान दिसत जातो."

ती म्हणाली, "अण्णा, तू लई दुष्ट आहेस. शाळेतल्या पोरांना जेवण जाणार नाही की!"

तिला त्या शस्त्रावर उपाय हवा होता. शस्त्रात दोष ठेवला तर ते शस्त्र कसले, असे माझे म्हणणे. ती बराच वेळ नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागाकडे पाहत राहिली. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की विणलेले कापड फणीच्या पुढून कापतात. जुन्या ताण्याची टोके फणीत आणि तिच्या मागच्या दोऱ्यांच्या फाशांत ओवलेली तशीच राहू देतात. नव्या ताण्याचा एकेक धागा, बोटांना राख लावून, त्या टोकांना पिळून सांधायचा. टोके गेली, तर सगळा माग पुन्हा ओवावा लागतो.

"सम्राटाला हे ठाऊकच नाही," ती म्हणाली. "तो दोरी कापतो, पण टोक ग्रहाकडे राहतं. लोक ते सांधतात."

"आकर्षणाला टोक नसतं."

"तुझ्या पुस्तकात नसेल. शेवटचा भाग असाच लिहायचा."

"परीक्षेत असं लिहिलंस तर शून्य देईन."

"द्या, मास्तर! पण लिही."

मी हो म्हणालो. नाना माग थांबवून ऐकत होते, हे धोट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आले.

शेवटचा भाग लिहिण्याआधीच, एका दुपारी ती गेली.

मागावर जांभळे लुगडे होते, अर्धे विणलेले. रंग तिनेच निवडला होता. नाना उठले, कात्री घेतली आणि तिच्या अंगावर घालायला ते सोडवू लागले. सारी हयात मागावर गेलेल्या त्या माणसाने त्या दिवशी फणीच्या मागून, फाशांच्याही मागून कापले. कापड ओढताच सगळे धागे फणीतून सरकत निघून आले. लुगड्याच्या कडेला सुट्या धाग्यांची हातभर झालर लोंबत होती. ती तशीच तिच्याबरोबर गेली.

तेराव्यानंतर आम्ही दोघे रिकामा माग ओवायला बसलो. मी मागून धागा द्यायचा, नानांनी पुढून आकड्याने ओढून घ्यायचा. बऱ्याच वेळाने त्यांनी तेलुगूत विचारले, "त्या ग्रहाचं काय झालं?"

"लिहायचं राहिलंय."

"तिला हो म्हणाला होतास."

मी पुढचा धागा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो ओढून घेतला.

"इथली टोकं मीच कापली," ते म्हणाले. "तुझ्या गोष्टीत तरी राहू दे."

त्या शनिवारी शेवटचा भाग लागला. लोकांनी टोके सांधली, ग्रह आपल्या कक्षेत परत आला. मधल्या सुट्टीत भित्तिपत्रकापुढे खूप गर्दी झाली होती, असे मला नंतर कळले. मी शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात वर्गात वर्तुळाकार गती शिकवायची होती. मी फळ्यावर सूर्य काढला, ग्रह काढला, कक्षा काढली. या बिंदूपाशी आकर्षण नाहीसे झाले असे समजा, असे म्हणून मी स्पर्शिका ओढू लागलो.

"सर, पण तो परत आला ना?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले.

"गोष्टीत," मी म्हणालो.

रेषा सरळच ओढायला हवी होती. मी ती फळ्याच्या कडेपर्यंत नेली. लाकडी चौकटीवर खडू मोडला, तेव्हा हात थांबला.