बाबांच्या गोळ्या माझ्या नावावर

आमच्या घराण्यात खोटं बोलून बीपीचा पेशंट झालेला मी पहिला.

त्या वर्षी कापसानं मार खाल्ला, दिग्रसची सरकी काढायची जिनिंग गिरणी दिवाळीनंतर उघडलीच नाही, आणि तिथला वजनकाटा सांभाळणारा मी घरी बसलो. बाबांची पेन्शन किराणा-उधारीतच संपायची, त्यातच त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. सरकारी दवाखान्यात त्याच गोळ्या फुकट मिळायच्या. पण बाबा तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले.

"फुकटाच्या लायनीत मी उभा राह्यणार नाही," ते म्हणाले. "ते गरिबाइसाठी हाये."

"मंग आपण कोण आहो?" माझ्या बायकोनं, मंदानं विचारलं.

बाबांनी तीन दिवस गोळीविना काढले. चौथ्या दिवशी न्हाणीतून निघताना भिंत धरून उभे राहिले.

गेलो लायनीत. पेशंटनं स्वतः यायचा नियम, म्हणून चिठ्ठी माझ्याच नावानं फाडली. गर्दी मरणाची. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "बीपी जुनं हाये?"

"लय जुनं," मी म्हणालो. (सत्तरीतल्या बाबांचं. हे मनात.)

महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. त्या मी मेडिकलच्या जुन्या डबीत भरून बाबांना दिल्या. चिठ्ठी मात्र शर्टाच्या खिशात राहिली. मंदानं धुण्याआधी ती काढून टेबलावर ठेवली, आणि बाबांनी वाचल्याशिवाय आमच्या घरात कागद पुढे सरकत नाही.

"नाव तुहं, वय तुहं, मंग गोळ्या माह्या पोटात कायले? चाल, परत करू. हा अपहार हाये."

त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय : चुकीने उचल केलेल्या गोळ्या जमा करून घेणेबाबत. डॉक्टरनं तो दोनदा वाचला आणि माझ्याच दंडाला पट्टा बांधला. सोडला. पुन्हा बांधला. मग बाबांचं बीपी बघितलं.

"काका, तुमचं गोळ्यांनी उतरलं. याचं तुमच्याहून जास्त हाये."

"म्हणजे नोंद बरोबर होती," बाबा म्हणाले आणि अर्जावर आडवी रेघ मारली. मग त्यांचा चेहराच पडला. रस्ताभर माझा हात धरून चालले.

आता दर महिन्याला आम्ही दोघं जातो. दोघांच्या चिठ्ठ्या घेऊन लायनीत बाबा उभे राहतात. ओळखीचं कोणी भेटलं की सांगतात, "पोराले बीपी हाये. त्याच्यापायी यावं लागते." शेवटी त्यांच्या अब्रूचा प्रश्न. मी बाकावर बसून जमेल तेवढा आजारी दिसतो.