सत्यवतीची भुश्याची शेगडी

नागपुरात इंदोऱ्याच्या मागच्या अंगाला, विहाराकडून नाल्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत सत्यवतीच्या घरचा कोळसा प्रसिद्ध होता. तिचा नवरा आनंदराव सावनेर रस्त्यावरच्या एका खाणीत कामाला होता. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एस.टी.ने घरी यायचा. खाणीतल्या कामगारांना घरी जाळायला कोळसा मिळे. ओळखीचा ट्रकवाला तो महिन्याकाठी गल्लीच्या तोंडाशी ओतून जाई. मग आनंदराव बाह्या वर सारून घमेल्याने तो घरोघर वाटायला निघे. "घ्या, घरचाच आहे," म्हणे, जणू खाण त्याच्या परसातच होती. गल्ली त्याला मानायची. सत्यवतीलाही ते आवडायचे, आणि न आवडण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या चार-दोन वर्षांतली. सत्यवती तेव्हा तिशीच्या आत होती. तोंडाने फटकळ, हाताने चलाख. घरात काही वाया गेले की तिचा जीव खालीवर व्हायचा. तांदळाचे धुवण कढीपत्त्याला जायचे, आंघोळीचे पाणी पपईला, आणि संत्र्यांच्या दिवसांत साली छपरावर वाळत पडायच्या, शेगडी पेटवायला. पर्यावरण वगैरे शब्द त्या गल्लीत कुणी ऐकलेले नव्हते. टाकून द्यायला जवळ फारसे काही नसले की माणूस आपोआप काटकसरीने राहतो, एवढाच त्याचा अर्थ. कोळशाचे मात्र तसे नव्हते. तो भरपूर होता, आणि भरपूर असलेल्या वस्तूचा कुणी विचार करत नाही.

गल्लीची रीत अशी होती. दिवस कलला की प्रत्येक घरातून एक शेगडी बाहेर यायची. खाली गोवरी, वर कच्चा कोळसा, त्यावर रॉकेलचा शिंतोडा आणि एक काडी. कच्चा कोळसा पेटताना दाट पिवळट धूर सोडतो. तो आपल्या घरात नको म्हणून शेगडी दाराबाहेर ठेवायची, आणि निखारे लालभडक झाले की उचलून आत न्यायची. आपले घर स्वच्छ. प्रत्येकीचे घर असे स्वच्छ राहायचे आणि सगळ्यांचा मिळून धूर गल्लीत उभा राहायचा. थंडीत तो वरही जात नसे. समोरच्या घरचा कंदील दिसेनासा व्हायचा. लोक खोकायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

सत्यवतीची मुलगी प्रेमिला आठ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिचा श्वास अडकू लागला. दिवसभर पोर ठीक असे. दिवेलागणीला मात्र छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि बरगड्या आत ओढल्या जायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "धुरापासून लांब ठेवा. नाही ठेवलं तर एखाद्या दिवशी माझ्यापर्यंत आणायलाही वेळ मिळणार नाही."  घरी आल्यावर सत्यवतीने गल्ली डोक्यावर घेतली.

"माह्या दारापुढं कोणी सिगडी ठेवाची नाही, सांगून ठेवते."

"मग कुठं ठेवाव वं वैनी, डोक्यावर?" शेजारच्या देवकीने विचारले.

देवकीचे चुकले असे म्हणता येत नाही. तरी आजारी पोरीकडे बघून बायकांनी आपापल्या शेगड्या दोन हात पलीकडे सरकवल्या. धुराला दोन हातांचे काय. शेवटी सत्यवतीनेच तोड काढली. गल्लीच्या कोपऱ्यावर बायजाबाईंचे घर होते. म्हातारी एकटी, तिला सगळे मावशी म्हणत. ती सकाळीच दोन भाकरी थापून ठेवायची, म्हणून संध्याकाळी तिच्या दारात शेगडी नसे. सत्यवती दिवस कलायच्या आत प्रेमिलाला तिथे नेऊन सोडू लागली. आणि आपल्या दाराशी धूर नको म्हणून स्वतःची शेगडी उचलून पार कोपऱ्यामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नेऊन पेटवू लागली. पेटवायची, घरी येऊन कणीक मळायची आणि निखारे झाले की आणायला जायची. आपण सगळ्या गल्लीपेक्षा शहाण्या निघालो असे तिला वाटत होते, आणि ते तिने दोघी-तिघींना ऐकवलेही होते.

एका संध्याकाळी ती कणकेत हात घालून बसली असताना कोणीतरी ओरडत आले, "बाई, तुमची पोट्टी पाहा."

ती तशीच पिठाच्या हातांनी धावली. बायजाबाईंची एकच खोली धुराने भरली होती. प्रेमिला भिंतीला टेकून बसली होती, ओठ काळेनिळे, डोळे मोठे झालेले. म्हातारी तिची पाठ चोळत होती आणि स्वतःही खोकत होती. मागच्या भिंतीत एक झरोका होता. त्यावर पोते टांगलेले होते, त्याची एक बाजू सुटली होती आणि तिथून धूर आत येत होता. सत्यवतीने पोरीला उचलता उचलता झरोक्यातून पाहिले. बाहेर मोकळा प्लॉट होता आणि भिंतीला लागून एकच शेगडी पेटत होती. ती तिचीच होती.

सायकलरिक्षात घालून पोरीला दवाखान्यात नेले. सुई दिल्यावर हळूहळू श्वास मोकळा झाला. पोर वाचली. परत आल्यावर सत्यवतीने प्लॉटमध्ये जाऊन त्या शेगडीवर घागरभर पाणी ओतले. बायका बघत होत्या. तिला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा भीती जास्त वाटली. ज्या धुरापासून पोरीला लपवत होतो तो आपल्याच हाताने तिच्या मागे नेऊन ठेवत होतो, हे तिच्या डोक्यातून जाईना.

तिची नणंद सिंधूताई लकडगंजाकडे राहायची. तिथे लाकूड कापायच्या आरा मशिनींपुढे भुश्याचे ढीग लागत आणि उचलून नेईल त्याला मालक नको म्हणत नसत. सिंधूताईच्या घरी त्याचीच शेगडी होती. तिने दाखवले ते असे: पत्र्याच्या डब्याला बुडाशी बाजूने एक भोक पाडायचे. मध्ये बाटली उभी धरायची, भोकातून एक काठी तिच्यापर्यंत सरकवायची आणि चहूकडून भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली आणि काठी अलगद काढून घ्यायची. राहिलेल्या पोकळीत खालून चिंधी पेटवली की भुसा आतल्या आत जळत राहतो, आणि धूर म्हणावा तर क्षणभराचा.

ऐकायला सोपे होते. सत्यवतीची पहिली शेगडी भात अर्धा शिजला असताना आतून ढासळली. दुसरीचा भुसा ओला होता. त्या शेगडीने कोळशाला लाजवेल असा धूर केला, तेव्हा देवकी दारात येऊन नाकाला पदर लावून उभी राहिली.  मग सत्यवती भुसा छपरावर वाळवू लागली, संत्र्यांच्या सालींच्या शेजारी, आणि हलक्या हाताने भरणे सोडून मुसळाने ठोकू लागली. आठवडा संपेपर्यंत शेगडी उभी राहायला लागली होती.

त्या सुट्टीला आनंदराव घरी आला. डबा पाहिला, परसातला कोळशाचा ढीग तसाच पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काहून वं? कोळसा संपला का?"

"संपला नाही. जाळत नाही आता मी."

"अन् गल्लीले?"

"गल्लीलेही द्याचा नाही."

आनंदरावाला पोरीची काळजी नव्हती असे कुणी म्हणू नये. दवाखान्याची हकिकत ऐकून तो तिला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला होता. पण कोळसा वाटणे ही त्याची गल्लीतली इज्जत होती, आणि ती एका डब्यापुढे सोडायला तो तयार नव्हता.

"मी तिकडं जमिनीच्या पोटात जाऊन मरून राहिलो, अन् तू इथं लाकडाचा भुसा गोळा करून राहिली. लोकं काय म्हणतील मले? आपल्या घरात पहिल्यापासून कोळसा आहे. आता सवय झाली सगळ्यायले."

सत्यवती छप्पन साली दहा वर्षांची होती. रामटेककडच्या गावातून वडिलांचे बोट धरून ती नागपूरला दीक्षेला आली होती. परत गेल्यावर वडिलांनी घरातले सगळे देव एका टोपल्यात भरून नदीवर नेले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

"माह्या बापानं जन्माचे देव एका दिवसात सोडले," ती म्हणाली. "तुमच्यानं कोळसा सुटत नाही?"

  पुढच्या महिन्यापासून आनंदरावाने ट्रक बोलावणे बंद केले.

गल्लीने याचा राग धरला. फुकटचा कोळसा गेला म्हणून बायका कोळशाच्या टालावरून विकत आणू लागल्या, धूर होता तेवढाच राहिला आणि वर सत्यवतीशी बोलणे बंद झाले. ती पोरीला ओल्या फडक्याने नाक झाकून घरात बसवून ठेवी. बायजाबाईंकडे पाठवायची आता तिची छाती होत नव्हती. इतके करून काय मिळवले, असे तिला त्या दिवसांत अनेकदा वाटले.

गल्ली बदलली ती तिच्या भांडणाने नव्हे, तिच्या चिकटपणाने. भुश्याची शेगडी एकदा पेटली की मध्येच विझवता येत नाही, भरलेला भुसा संपेपर्यंत जळतेच. सत्यवतीचा स्वयंपाक होऊन जाई आणि आच तशीच वाया जात राही. हे तिला बघवेना. तिने एका संध्याकाळी सगळा अहंकार गिळून भिंतीपलीकडे हाक मारली.

"देवकी, आच उरली आहे. वरण टाकतं का तुह्यं?"

 देवकी पातेले घेऊन आली. बोलली नाही, पण पातेले ठेवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलूही लागली. तिच्या पातेल्याला काजळी कमी धरली होती आणि टालावरचा खर्च वाचला होता. तिने मग स्वतःचा डबा आणला आणि ठरले की एक दिवस हिची शेगडी, एक दिवस तिची. एकीची भाजी उतरली की दुसरीचा भात चढायचा. हे पाहून समोरच्या दोन घरांनी जोडी जमवली. उन्हाळा लागेपर्यंत गल्लीत कोळशाच्या शेगड्या दोन-तीनच उरल्या. त्यांनाही बायका टोमणे मारमारून जगू देईनात.

आनंदरावाचे काय झाले ते सांगितले पाहिजे. सुट्टीच्या दिवशी तो सायकल घेऊन लकडगंजात जायला लागला आणि भुश्याची पोती लादून आणू लागला. बाह्या वर सारून घमेल्याने घरोघर वाटायचा. "घ्या, एकदम सागाचा आहे," म्हणायचा. त्याची इज्जत जागच्या जागी होती.

पुढच्या थंडीत दिवेलागणीला गल्लीत कंदील दिसत होते. प्रेमिला मुलींबरोबर अंगणात लंगडी खेळत होती. खेळून धापा टाकत होती, पण ती धाप साधी होती. सत्यवतीने ती कान देऊन ऐकली आणि तिला रडू आले. त्याच आनंदात ती वाटीत भाजी घेऊन बायजाबाईंकडे गेली. आत झरोक्याजवळचे पोते दिसले तेव्हा कधीपासून विचारायचे राहिलेले तिने विचारले.

"मावशी, ते पोतं मी प्लॉटमध्ये सिगडी ठेवाले लागली तेव्हाचंच ना?"

"हो. भिजवून लावत होती मी रोज. त्या दिवशी खिळा निसटला."

"म्हणजे तुमाले मालूम होतं, धूर माह्या सिगडीचा आहे म्हणून. मंग सांगतलं काहून नाही?"

बायजाबाईंनी वाटीतली भाजी आपल्या भांड्यात काढून घेतली. वाटी विसळली आणि तिच्या हातात दिली.

"सांगतलं असतं तर तू पोट्टीले दुसरीकडं ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी माह्याकडं कोणी येत नाही वं."

सत्यवतीला राग आला, आणि चांगलाच आला. संगतीसाठी या बाईने तिच्या पोरीचा जीव पणाला लावला होता. ती वाटी घेऊन तशीच उठली आणि घरी आली. दोन दिवस ती त्या घराकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी छपरावर भुसा वाळत घालताना तिच्या लक्षात आले की सगळी गल्ली जोड्या करून एकमेकींच्या आचेवर शिजवते आहे, आणि कोपऱ्यावरच्या घराला कुणी विचारले नाही. तिने स्वतःही नाही. भाजीची ती एक वाटी सोडली तर ती आजवर तिथे गेली होती ती पोरीला सोडायला आणि न्यायला.

त्या दिवशी देवकीची पाळी होती. सत्यवतीने तरी आपला डबा भरला, पोरीच्या हातात पिठाचे भांडे दिले आणि दोघी कोपऱ्यावर गेल्या. डबा बायजाबाईंच्या पुढच्या दारात, अगदी उंबऱ्याशी ठेवून तिने चिंधी पेटवली.

"मावशी, आजपासून आमचा स्वयंपाक इथं," ती म्हणाली. आवाजात राग अजून थोडा होता, आणि तिने तो लपवला नाही.

बायजाबाईंनी तिच्याकडे पाहिले, प्रेमिलाकडे पाहिले. मग प्रेमिलाच्या हातातले भांडे घेतले.

"कणीक मी मळते," त्या म्हणाल्या.