हाल्याचं राहिलेलं लगीन

आमच्या हाल्याचं लगीन झालं तेव्हा त्याची मुलगी एकवीस वर्षांची होती. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतो. मी रूपी, हाल्याची थोरली वहिनी. माझं तोंड फटकळ आहे, रानशेतला कोणालाही विचारा.

तर यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे दोघांना एकमेकं पसंत पडली, घरच्यांनी मान हलवली, की संसार सुरू होतो. मांडव, हळद, गावजेवण जमेल तेव्हा. कोणाचं वर्षभरात जमतं, कोणाचं पोरं मोठी झाल्यावर. त्याला कोणी नावं ठेवत नाही. फक्त एक नियम आहे आणि तो कोणी मोडत नाही. लेकराला हळद लावायची तर आधी आईबापाला लागलेली हवी. राहिली असेल तर त्याच मांडवात आधी आईबापाचं लगीन, मग लेकराचं. हाल्याचं आणि माझ्या धाकट्या जावेचं, जमनाचं, असंच राहून गेलं होतं.

राहिलं ते हाल्यामुळे. तो घोलवडला नर्सरीत चिकूची कलमं बांधायचा. चिकूचं कलम म्हणजे रायणीच्या रोपाची कुंडी उचलून चिकूच्या झाडाजवळ न्यायची, दोन्हींची साल तासायची आणि त्यांना एकत्र बांधायचं. फांद्या उंच, म्हणून झाडाभोवती बांबूचा मांडव घालून कुंड्या वर ठेवतात. तीन-चार महिने जातात दोघांचं एक व्हायला. तोवर त्या एवढ्याशा कुंडीला रोज पाणी हवं, एक-दोन दिवस चुकलं की संपलं. हाल्या म्हणायचा, बांधलं त्याने सोडवेपर्यंत पाणी घालायचं, आणि लगीन दर साली पुढे ढकलायचा. हर्षदा जन्मली त्या दिवशीसुद्धा हा बाबा आधी कलमांना पाणी घालून मग घरी आला. जमना ते अजून विसरलेली नाही, आणि मी तिला विसरू दिलेलं नाही.

दोन हजार अठरा साली नर्सरीच्या नविनशेठच्या ओळखीतून त्याला सुदानला बोलावणं आलं. तिथे एका गुजराती शेठची नदीकाठी शेती होती, राजधानीच्या बाहेर. त्याला चिकूची बाग उभी करायची होती. घोलवडचाच नितीन आधीपासून तिथे पंप बघायचा, म्हणून आम्ही जाऊ दिलं. सुदान कुठे आहे हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. हाल्यालाही नव्हतं.

तिथे त्याला इद्रिस भेटला, शेतावरचा राखणदार. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी संध्याकाळी दोघं एका चटईवर चहा पीत बसायचे. व्हिडीओवर मी त्याला पाहिलं होतं. उंच, काळासावळा, पुढचा एक दात नाही. हाल्याची मुलगी लग्नाला आली आणि हाल्याचंच लगीन बाकी आहे हे कळल्यावर तो पोट धरून हसला म्हणे. आपला तेवढा एक शब्द तो शिकला. फोनवर आम्ही दिसलो की ओरडायचा, "हाल्या, लगीन?" जमना पदर तोंडावर धरायची. मी म्हणायची, याला म्हणावं, तुझं काम बघ.

एकोणीस साली तिथला राजा पडला. राजा म्हणजे तीस वर्षं खुर्चीला चिकटलेला सैन्याचा माणूस. लोक रस्त्यावर उतरले, महिनोन् महिने उतरले, काही मेले, तेव्हा कुठे सैन्यानेच त्याला उचलून बाजूला केला. त्या दिवशी हाल्याने फोन लावला तर मागे सगळे नाचत होते. बायका, म्हातारे, सगळे. इद्रिस आपल्या लहान मुलीला खांद्यावर बसवून नाचत होता.

"वहिनी, आता इथे लोकांचं राज्य येणार," हाल्या म्हणाला. जसं काही ह्यालाच मत द्यायचं होतं.

"गेला कोण ते कळलं. आला कोण?"

"ते ठरतंय अजून," म्हणाला.

ते ठरलंच नाही. काही दिवस थोडं लोकांचं, थोडं सैन्याचं असं चाललं. मग सैन्याने सगळंच घेतलं. वर बसले दोन सेनापती, दोघांच्या फौजा वेगळ्या. एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी? कोणाची फौज कोणाच्या हाताखाली जायची यावरून दोघांचं वाजायला लागलं. लोक आगीतून फुफाट्यात पडले. हाल्या बावीस साली सुट्टीवर आला तेव्हा हे सगळं सांगत होता, आणि तरी परत जाणार होता.

त्याच सुट्टीत हर्षदाचं तलासरीच्या सुरजशी जमलं. तेवीसच्या मे महिन्यात एकाच मांडवात दोन्ही लग्नं करायची ठरली. "शेवटची कलमं बांधून एप्रिलअखेर येतो," असं सांगून तो गेला.

एप्रिलमध्ये मी आणि जमना विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. सुकी मासळी, मसाला, हर्षदाच्या बांगड्या असं सगळं घ्यायचं होतं. मौत का कुआंजवळ उभ्या असताना हाल्याचा फोन आला. आतल्या मोटारसायकलींचा नुसता धडधडाट. जमना एका कानात बोट घालून ऐकत होती.

"ताई, आवाज फार आहे," ती मला म्हणाली.

आम्ही देवळाच्या बाजूला लांब आलो, मोटारसायकली ऐकू येईनाशा झाल्या. फोनमधला आवाज तसाच होता. मग तो बंद झाला.

दोन्ही फौजा शहरात एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. विमानं घरांवर बॉम्ब टाकत होती. हे आम्हाला टीव्हीवर कळलं, हाल्याकडून काही कळेना. जमना उठता-बसता फोन लावायची. भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने लावायची. मी एकदा चिडून म्हटलं, "जमने, लागत नाही तर लागत नाही. बॅटरी संपवशील." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, परत लावला.

मग नितीनचा फोन आला, बंदरावरून. आपल्या सरकारने माणसं काढायला बस केल्या होत्या, तिथून जहाज. नितीन बसने बंदरावर पोहोचला होता. हाल्या बसमध्ये चढलाच नव्हता.

"का नाही चढला?" मी विचारलं.

नितीन म्हणाला, "वीज नाही, पंप बंद. कलमं मांडवावर वाळत होती. म्हणाला, जोड धरायला आलाय, मी नदीवरून पाणी आणून घालतो, पुढच्या बसने येतो."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि हा तर खरंच मरायला बसला होता. जमना मात्र शांत होती. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. हर्षदा मागच्या दाराला जाऊन रडली.

दोन दिवसांनी सुरजचा बाप लाहू तलासरीहून आला. माणूस सरळ आहे, त्याचंही काही चुकलं नाही. तारीख जवळ आली होती. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "हाल्याच्या जागी नारळ ठेवून जमनाचं उरकता येईल. आमच्या बाजूला एकीचं केलं होतं तसं. म्हणजे पोरांचं अडणार नाही."

"तिचा माणूस मेला होता?" जमनाने विचारलं.

लाहू खाली बघत हो म्हणाला.

"माझा मेलेला नाही. मी नारळाला हळद नाही लावणार."

"आणि पोरीचं?" माझा नवरा हिरू म्हणाला.

"थांबेल पोरगी." हर्षदा दारात उभी होती. तिने नाही म्हटलं नाही. मला त्या वेळी जमनाचा राग आला होता, ते खोटं कशाला बोलू. लोक काय म्हणतील हे मला दिसत होतं. तिला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

हाल्या आला तो लग्नाला आठवडा असताना. जहाज, मग विमान, मग मुंबईहून गाडीने डहाणू, तिथून जीप. अंगावर दुसऱ्याचा शर्ट, ओठ फुटलेले. जमनाने त्याला जेवायला वाढलं. दोन घास त्याने खाल्ले आणि मग तिने विचारलं, "बस का सोडली?"

त्याने खरं ते सांगितलं. पाण्याचे डबे वाहताना नदीच्या पलीकडून गोळीबार व्हायचा, तेही सांगितलं. शेवटी इद्रिसनेच त्याच्या हातातला डबा काढून घेतला, त्याला गाढवाच्या गाडीवर बसवलं आणि दुसरी बस निघणार होती तिथवर नेलं. वाटेत एका चौकीवर एका सेनापतीची पोरं, पुढच्या चौकीवर दुसऱ्याची. वय तेच, बंदुका त्याच. दोन्हीकडे इद्रिसच बोलला, हा परदेशी माळी आहे, जाऊ द्या. बसपाशी त्याने खुणेनेच सांगितलं की पाणी मी घालतो, तू जा. मग कानाला हात लावून फोनची खूण केली आणि म्हणाला, "हाल्या, लगीन." झालं की कळव, असं.

"त्या कलमांनाच लावायची होतीस हळद," जमना म्हणाली आणि उठली. नंतर लग्नापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. मी मध्ये पडले नाही. त्याला तेवढं मिळायलाच हवं होतं.

लगीन ठरल्या तारखेला झालं. आमच्याकडे लगीन लावते ती धवलेरी, गाणी म्हणून लावते. गंगी म्हातारीने सकाळी आधी ह्या दोघांचं लावलं. जमना हळदीत नवरीसारखीच दिसत होती, आणि हर्षदा आईची हळद बघून हसत होती. दुपारी हर्षदा-सुरजचं लागलं. मग डीजे सुरू झाला आणि सगळा पाडा नाचायला लागला.

हाल्या कुठे दिसेना. शोधत गेले तर घरामागे दगडावर बसलेला, कानाला फोन.

"अरे, आज स्वतःच्या लग्नात तरी नाच," मी म्हटलं.

"इद्रिसचा फोन लागत नाही वहिनी," तो म्हणाला. "मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. मी त्याच्या गळ्यात कुंड्या मारून आलो. कलमं जाऊ दे, ती काय कुठेही होतील. त्याला पोरीला घेऊन कधीच निघता आलं असतं. माझ्यामुळे थांबला असेल तो." आणि तो रडायला लागला. लहानपणापासून बघते त्याला, रडताना पाहिला नव्हता.

जमना माझ्या मागून आलेली मला कळलंच नाही. हळदीच्या अंगाने ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"परत लाव," म्हणाली.

त्याने लावला. लागला नाही.

"परत लाव. मी काय एकदा लावून बसले होते?"

याला आता दोन वर्षं होऊन गेली. तिकडचं भांडण अजून चालूच आहे. इकडे टीव्हीवर आता दाखवत नाहीत. हाल्या पुन्हा घोलवडला कलमं बांधतो. हर्षदाला मुलगा झाला. आमच्या घरात एक रीत मात्र नवी पडली आहे, संध्याकाळी आधी तो नंबर लावायचा, मग ताटं घ्यायची.

परवा हाल्याला यायला उशीर झाला. जमनानेच आपल्या फोनवरून नंबर लावला आणि कानाला धरून बसली. मी म्हटलं, "अगं, लागला तरी तू त्याच्याशी बोलणार काय? त्याला तुझं कळत नाही, तुला त्याचं."

"झालं लगीन, म्हणेन," ती म्हणाली. "तेवढा शब्द येतो त्याला."