काका, मॅडम काय म्हणताहेत?

घरगुती कॉफी मशिनमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात, क्षार आणि मालकाची मतं. क्षार लिंबूसत्त्वाने निघतो. मतं कशानेच निघत नाहीत, त्यांचे किस्से होतात!

आधी आमची ओळख. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेली बाई. चिंचवडच्या कारखान्यात बॉयलरवर उमेदीची वर्षं घातली. कारखाना बंद पडला तेव्हाच पुण्यातली आयटीची मुलं परदेशातल्या ऑनसाइटहून येताना एस्प्रेसो मशिन उचलून आणायला लागली होती. आणायची अक्कल होती, दुरुस्तीची नव्हती. मी धंदा सुरू केला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे अरविंदराव स्कूटर चालवतात आणि हत्यारांची पिशवी धरतात. मशिनमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि हे ते स्वतः सगळ्यांना सांगतात. तरीही लोक विचारतात त्यांनाच!

बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये मी ओट्यावर मशिन उघडून बसले होते. हातात पाना, कपाळावर बॅटरी. मशिनचा मालक माझ्या डोक्यावरून अरविंदरावांना म्हणाला, "काका, व्हॉल्व्ह लीक होतोय. काय प्रॉब्लेम असेल?"

अरविंदराव शांतपणे म्हणाले, "मी बँकेत होतो. तुमची सही जुळत नसेल तर सांगतो."

*

आता हा व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते सांगते. बॉयलरमधलं प्रेशर वाढलं की जास्तीची वाफ बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला तर दोन कारणं असतात. एक तर आतला वायसर क्षाराने कडक झाला, तो बदलायचा. नाहीतर प्रेशरच खरोखर वाढतंय आणि तो बिचारा इमानाने ते बाहेर टाकतोय. दोन्हीत त्याचं तोंड बंद करायचं नसतं. बंद केलं आणि बॉयलर फुटला, तर ओट्यापाशी उभ्या माणसाचं तोंड भाजतं. हे मी प्रत्येक घरात सांगते. प्रत्येक घरात माना डोलतात.

*

वारज्याहून एका बाईंचा फोन आला. मुलाने मशिन पाठवलेलं, तो अमेरिकेत. म्हणाल्या, "अहो, हे बिघडलंय. शिट्टीच होत नाही."

मी म्हटलं, "त्याला शिट्टी नसते."

"नसते कशी? भोक आहे की वर! त्यातून वाफ वाया जात होती, म्हणून मी आमच्या कुकरची बसवली."

मी तशीच चप्पल पायात सरकवून निघाले. पोचले तर खरोखर व्हॉल्व्हच्या डोक्यावर कुकरची शिट्टी, आणि ती हलू नये म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता आडवा बांधलेला! नशीब, बाईंनी माझ्या फोनवरच्या सांगण्यावरून बटण बंद केलं होतं. माझा आवाज चढला. मी अर्धा तास बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अरविंदरावांना हळूच विचारलं, "यांना बीपी आहे का हो?"

*

आयटीवाल्यांची तऱ्हा वेगळी. एका मॅनेजरने मला दारातच थांबवलं. "मॅडम, मी रूट कॉज काढलाय. तुम्ही फक्त एक्झिक्यूट करा."

त्याने व्हॉल्व्हखाली वाटी ठेवली होती. वाटी भरायची वेळ झाली की मोबाईलवर घंटा वाजायची, मग तो मीटिंगमधून उठून ती सिंकमध्ये ओतून यायचा. वर्षभर! मी म्हटलं, "अहो, आतला वायसर गेलाय. हा बदलला असता की झालं असतं."

"हो, पण इश्यू ऑलरेडी क्लोज्ड होता ना."

आतून बायको म्हणाली, "इश्यू क्लोज्ड आहे, पण माझी आमटीची वाटी ओपन आहे. ती आधी परत द्या!"

*

वायसर मंडईमागच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मी साइज सांगितली. दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेबांना विचारून या. एक सूत इकडेतिकडे झालं तर परत घेणार नाही."

मी पिशवीतून व्हर्निअर कॅलिपर काढला आणि त्याच्याच काउंटरवर त्याचाच वायसर मोजून दाखवला. वायसरवर छापलेला आकडा चुकीचा निघाला. तर तो अरविंदरावांना म्हणतो, "साहेब, बाईंना कशाला असली यंत्रं घेऊन देता?"

"मी नाही दिलं," अरविंदराव म्हणाले. "तिच्या रुखवतात मांडलेलं होतं."

*

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही.

येरवड्याच्या एका घरी मी वायसर बदलला, क्षार काढला आणि बजावलं, पुन्हा गळलं तर बटण बंद करा आणि मला बोलवा. व्हॉल्व्हला हात लावू नका. नवरा मान डोलावत होता. चार महिन्यांनी पुन्हा फोन. गेले तर व्हॉल्व्हवर एमसील थापलेलं, ते वाफेने उडालेलं, आणि त्याच्या बायकोच्या मनगटापासून कोपरापर्यंत बँडेज.

मी विचारलं, "मी सांगितलं नव्हतं?"

तो म्हणाला, "सांगितलंत हो. पण काका काहीच बोलले नव्हते, म्हणून वाटलं एवढं काही नसेल."

मी हातातला पाना ओट्यावर आपटला. ती बाई भिंतीकडे बघत होती. जिन्यातून उतरताना अरविंदराव एवढंच म्हणाले, "आजपासून मी काय करायचं ते सांग." मी रागात होते. म्हटलं, "काही नको. मी सांगेन ते आधी तुम्ही ऐका, म्हणजे झालं."

*

मग गेल्या दिवाळीतला तो फ्लॅट. सहावा मजला, पाहुण्यांनी भरलेलं घर, फराळाच्या ताटल्या. यजमानाने फोनवर 'थोडंसं गळतंय' म्हणून बोलावलं होतं. किचनमध्ये पाऊल टाकलं तर मशिन चालू, प्रेशरचा काटा लाल पट्ट्याच्या पार टोकाला, आणि व्हॉल्व्हवर एमसीलचा लाडू! मशिनभोवती पाहुणे कॉफीचे कप घेऊन उभे. दोन पोरं ओट्याला टेकलेली.

मी आधी मेन स्विच पाडला. घरात अंधार झाला, नुसत्या पणत्या राहिल्या. मी ओरडले, "सगळे बाहेर! किचनच्या नाही, घराच्या बाहेर! आत्ता!"

एक माणूस हलला नाही. कोणीतरी हसलंसुद्धा. यजमान म्हणाला, "मॅडम, रिलॅक्स. काका, खरंच एवढं सीरियस आहे का?"

सगळ्यांनी वळून अरविंदरावांकडे बघितलं.

तिथे हत्यारांची पिशवी पडली होती. ओट्याजवळची ती दोन पोरंही दिसत नव्हती. आणि खाली, चौथ्या-पाचव्या मजल्याच्या जिन्यातून, धापा टाकत आवाज आला, "पोरं माझ्याजवळ आहेत! तुम्ही विचारत बसा!"