कंडक्टर सरांची जीप

जीप आपल्याला फार मोठी होते, असं मी कंडक्टर सरांना सांगितलं. ते खोटं होतं. खोटं आहे हे त्यांना तिथंच कळलं, आणि त्यांना कळलंय हे मलाही दिसलं. तरी मी चहाचा कप खाली ठेवला आणि तासावर निघून गेलो. सर आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. आधी त्यांचे गुण सांगून मग आपली चूक हळूच मध्ये सरकवण्याचा मला हक्क नाही.

कंडक्टर हे त्यांचं नाव नव्हतं आणि ती त्यांची नोकरीही नव्हती. जिंतूरला आम्ही एकाच शाळेत होतो, ते भूगोल शिकवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं परभणीची एसटी धरायचो. तिथून मी पेडगावला जायचो आणि ते गंगाखेडच्या अलीकडच्या त्यांच्या खेड्याला. गाडीत चढल्यावर लोक स्वतःसाठी जागा शोधतात, सर उभ्या माणसांकडे बघायचे. मग त्यांचं सुरू व्हायचं. "दादा, सरका थोडं. पाटील, ते गठुडं मांडीवर घ्या, त्याचं तिकीट काढलं न्हाई तुमी. मावशी, या हिकडं." तिघांच्या बाकावर चौघं बसायचे आणि सर दांडीला धरून उभे राहायचे. खरा कंडक्टर म्हणायचा, सर, माझा निम्मा पगार तुम्हीच घ्या. तेव्हापासून सगळी शाळा त्यांना कंडक्टर सर म्हणायला लागली. "म्हणा की, पण घंटी मीच मारणार," असं ते सांगायचे.

ते नामांतराच्या वादाचे दिवस होते. स्टाफरूममध्ये विद्यापीठाच्या नव्या नावाची बाजू मी तावातावानं मांडायचो. सर बौद्ध, मी शेतीवाल्या घरातला. माझ्या घरातून असं बोलणारा मी एकटाच, याचा मला अभिमान होता. एकदा एसटीतही माझं भाषण चाललं होतं. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटी बदलंल तवा बदलंल सर. तुमी आधी खिडकीकडं सरका, ह्या बाईच्या कडंवर लेकरू हाय." मी सरकलो आणि हसलोही. त्यात माझ्यासाठी काही होतं, हे तेव्हा कळलं नाही.

दोघांनी मिळून एक जुनी गाडी घ्यावी, ही कल्पना माझीच. एकट्याच्यानं झेपणारी गोष्ट नव्हती, आणि दोघांचा रस्ता परभणीपर्यंत एकच होता. मग प्रत्येक रविवारी आम्ही गाड्या बघत हिंडलो. इंजिनातलं आम्हा दोघांनाही काही कळत नव्हतं. मी रंग बघायचो, सर बसून बघायचे. परभणीत एका डॉक्टरांची पांढरी अँबॅसडर होती. सरांनी तिच्यात मला बसवलं, कंपाउंडरला बसवलं, शेवटी खुद्द डॉक्टरांनाही मागं दाटीवाटीनं बसवलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "हत्तीण हाय. डौल लय, पण पाठीवर माणसं कमी." त्या वेळी नव्यानंच दिसू लागलेली एक छोटी लाल गाडीही आम्ही पाहिली. सर उंच. आत बसले तर गुडघे छातीला टेकले. "ही गाडी न्हाई सर, डब्बी हाय. हिच्यात आपलं टिफिन बसंल."

गंगाखेडला एका ऊसवाहतुकीच्या ठेकेदाराकडं जीप सापडली. वर ताडपत्री, मागं समोरासमोर दोन बाक. मालकानं फिरवून बघायला दिली तसे सर ती थेट त्यांच्या गावी घेऊन गेले आणि आईला बोलावलं. म्हातारी लुगड्याचा काष्टा सावरत आली. सर म्हणाले, माय, मागं बस, ऐसपैस हाय. ती म्हणाली, "न्हाई. मी पुढंच बसते. हितून दूरचं दिसायलंय." आणि पुढच्या सीटवर बसून तिनं वेशीपर्यंत फेरी मारली. परत आल्यावर वस्तीतल्या बायांना तिनं ऐटीत सांगितलं की ही आमची अन् ह्या सरांची गाडी.

परतताना रस्त्याकडेच्या लिंबाखाली आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात बसलो होतो, तेव्हा सरांनी पहिल्यांदाच अठ्ठ्याहत्तर सालचं सांगितलं. त्या पावसाळ्यात नामांतराच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली होती. आईचा पाय भाजला होता. तिला घेऊन ते सडकेवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. "एक जीप हळू झाली सर. मला वाटलं, थांबली. आतल्यानं बघितलं अन् गेली. मोकळी होती. मागची ताडपत्री फडफडायलती, आत कुणीच न्हवतं." एवढं बोलून त्यांनी टरफलं गोळा केली आणि उठले. ते माणसं का मोजतात, हे मला त्या दिवशी समजलं. आणि हे समजल्यावर मी पुढचं केलं.

पेडगावला मी थोरल्या भावाला, दादाला, जीपचं सांगितलं. तो गोठ्यात होता. त्यानं आवाजही चढवला नाही. म्हणाला, "जीप म्हटलं की त्याची वस्ती भरून येणार. त्याच बाकावर आपल्या घरच्या बाया बसवतो का? लहान गाडी घे. लहान गाडीत जागा न्हाई म्हणाया तोंड ऱ्हातं."

दादाचं नाव पुढं करून मी सुटू शकलो असतो. कितीतरी वर्षं मनाशी तसंच करत होतो. पण खरं असं आहे की सरांची आई पुढच्या सीटवर बसली, तेव्हाच माझ्या मनात काहीतरी आकसलं होतं. उद्या इथंच माझी बायको बसणार, असा विचार आला होता. दादानं फक्त तो मोठ्यानं बोलून दाखवला.

सोमवारी शाळेसमोरच्या टपरीवर मी सरांना सांगितलं की जीप आपल्याला फार मोठी होते. वर आणखी एक जोडलं: बायकोला जीपमध्ये मळमळतं. माझी बायको तोवर जीपमध्ये कधी बसलीच नव्हती.

"मळमळतं?" सरांनी एवढंच विचारलं. टपरीवाल्याला पैसे देऊन म्हणाले, "मग न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी जीप कधी येणार म्हणून विचारलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात सरांनीच सांगून टाकलं, "माझाच विचार फिरला, मीच मागं सरलो." सगळे हसले. कंडक्टरनं घंटी मारली अन् गाडी सुटायच्या आधीच उतरला, असं कुणीसं म्हणालं. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

दादानं पैशाची भर घातली आणि मी ती लाल गाडी घेतली. दर शनिवारी जिंतूरच्या स्टँडवरून जाताना सर फलाटावर दिसायचे. माझ्या शेजारची सीट बहुतेक वेळा मोकळी असायची. पहिल्या एकदोन वेळा मी गाडी हळू केली आणि पुन्हा पुढं काढली. नंतर हळू करणंही सोडलं. शाळेत सर पूर्वीसारखेच बोलायचे. फक्त कधीतरी, दोघंच असताना, विचारायचे, "डब्बी बरी चालायलीय ना?"

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. स्टाफरूममध्ये पेढे मीच वाटले. सरांनी पेढा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, तुमचं भाषण फळाला आलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा होता की नाही, मला सांगता येणार नाही. पण हातातला पेढ्यांचा पुडा मला जड झाला. तीन-चार महिने मी नुसता ठरवत राहिलो. उन्हाळ्यात सरांची बदली गंगाखेडकडे झाल्याचं कळलं, तेव्हा मात्र त्यांच्या गावी गेलो.

सर अंगणात बाज विणत होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं की बायकोचं खोटं होतं, जीप मोठी होते हेही खोटं, मला माफ करा. सरांनी सुंभाचा पीळ घट्ट ओढला.

"मला तवाच ठावं होतं सर. अन् मी स्वतःवर घेतलं ते तुमच्यासाठी न्हाई. माय पुढं बसली म्हणून गाडीचं ठरलेलं मोडलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?" मग म्हणाले, "पण ती मला अजून शब्दाचा कच्चा म्हणती. मला तुमची माफी नको. आत जा अन् तिला सांगा."

मी म्हणालो, त्यांना वाईट वाटेल.

"वाटंल की. तिनं ह्याच्याहून मोठं सोसलंय. जावा."

म्हातारी दारात चिंचा फोडत बसली होती. मला ओळखून तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी तोंड उघडण्याआधी तीच बोलायला लागली. म्हणाली, "सर, ह्यानं तुमाला लय तोंडघशी पाडलं तवा. ठरवून शब्द फिरवला. मी अजून बोलते त्याला. लेकराचं चुकलं, मनात धरू नका."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. सर मागं येऊन उभे राहिले होते, हे मला सावलीवरून कळलं. पण मी वळलो नाही, म्हातारीकडेच बघत राहिलो.

"मावशी, तुमच्या लेकानं शब्द फिरवला नाही. मी फिरवला. त्या दिवशी तुम्ही गाडीत पुढं बसलात, आणि तिथंच माझ्या घरच्या बायांनी बसायचं, हे मला नको होतं. तुम्ही कोण आहात म्हणून नको होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं. सरांनी माझं पाप स्वतःवर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."